केरूपुरता अपवाद

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

केरू सापडला. पूर्णगडच्या अलीकडे, कातळात. त्याचा खलाशी बाबू कालच मिळाला होता. होडीत दोघंच होते. तिसरा तापाने घरी पडलेला, म्हणून वाचला. इंजिन मध्येच बंद पडलं असणार, वाऱ्याने होडीला नेऊन आपटलं.

स्मशानात लाकडं रचायला हात लावला. डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर बरं दिसलं असतं, एवढंच मनात आलं.

१० नोव्हेंबर

वर्कशॉप उघडलं. एक डिझेल पंप खोलला, धुतला, जोडला. कसा जोडला ते आठवत नाही. चालतोय.

१२ नोव्हेंबर

बंदरावर सगळ्यांच्या तोंडी एकच — "केरू कान न लावता गेला."

हा 'कान' माझा, म्हणून नीट लिहून ठेवतो. वीस वर्षं इथे रिवाज आहे. इंजिनाची शंका आली की मला बोलावतात. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो. मग 'जा' म्हणतो, नाही तर 'थांब'. तिसरा शब्द नाही. आणि थांब म्हटलं की होडी थांबते — सोयऱ्याची असो की पुढाऱ्याची. शिक्षण सातवी. लांज्याहून आलो तेव्हा अंगावरचे कपडे आणि हे दोन कान, एवढीच इस्टेट.

गेल्या बुधवारी धाकूला थांबवलं. बेअरिंगचा ठोका येत होता. अख्ख्या जेटीसमोर शिव्या घातल्यान मला. "तुझ्या कानात शिसं ओतायला हवं," म्हणालान. मी हसलो. म्हटलं, "ओत, पण आधी बेअरिंग बदल."

गुरुवारी उजाडता केरूने बोलावलं. तोच ठोका. अगदी तोच. बाबू बर्फ आणायला गेलेला, जेटीवर आम्ही दोघंच. केरू म्हणाला, "महिपत, जाळी काल टाकून आलोय. वारा उठला की गेली सगळी. एकच फेरी. आल्यावर इंजिन तुझ्या ताब्यात."

लांज्याहून आलो त्या रात्री केरूच्या आईने मला पेज वाढली होती.

मी 'जा' म्हटलं.

१३ नोव्हेंबर

लिहिलं तरी काही झालं नाही. जेवलो, झोप लागली.

१५ नोव्हेंबर

धाकू नारळ घेऊन आला. पाया पडला. "शेट, तुम्ही थांबवलंत म्हणून उभा हाय. केरूनं इचारलं असतान तर तोही असता." मी नारळ घेतला. बायकोने त्याची आमटी केली. दोनदा वाढून घेतली. चव लागली नाही.

१७ नोव्हेंबर

बाबूची आई चिमा केरूच्या दारात. वर्कशॉपमधून शब्दन् शब्द ऐकू येतो, मध्ये फक्त दगडांचा गडगा आहे.

"तुझ्या घोवानं माझा पोर नेलान! कान लावलान होतान का? बोल की गो येसू, लावलान होतान?"

येसू, केरूची बायको, अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप चालूच.

उठावं आणि गडग्यावरून सांगावं — एवढंच काम होतं. पान्हा हातात धरून उभा राहिलो. मग चिमा गेली, मग मी बसलो.

२१ नोव्हेंबर

माझी लेक राही गोगट्यांच्या कॉलेजात बी.ए. करते. विषय तत्त्वज्ञान. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही, आणि मला ऐकल्याशिवाय राहवत नाही. कोणी एक जर्मन होता म्हणे. त्याचं म्हणणं, जो नियम सगळ्या जगाने पाळला तरी चालेल असं वाटतं, त्यावरच पाऊल टाकायचं. कोणाला फायदा, कोणाला तोटा, हे बघायचं नाही.

मी आतून विचारलं, "आणि एखाद्या जिवाभावाच्या माणसापुरता मोडला तर?"

"मग तो नियम नव्हताच, बाबा. तुमची मर्जी होती."

"माया होती म्हणून मोडला असेल गो."

"माया चांगलीच. पण ती आज असते, उद्या नसते. आणि एकावर असते, दुसऱ्यावर नसते. म्हणून तो तिच्यावर भिस्त ठेवत नाही."

जर्मन माणूस, पण इंजिनातलं कळत असणार त्याला. धाकूवर माझी माया नव्हती. तो जिवंत आहे.

२२ नोव्हेंबर

आज पुढचं वाचत होती. दुसऱ्या माणसाला आपल्या कामापुरतं वापरायचं नाही, त्यालाही स्वतःचं मन आहे.

बाबू बर्फ घेऊन आला तेव्हा केरू घरून भाकरी घेऊन परतला होता, आम्ही दोघं विडी ओढत होतो. तो चढला आणि नांगर उचलला. ठोक्याचं त्याला कोणी सांगितलंच नाही. मीही नाही.

३० नोव्हेंबर

काही नाही.

४ डिसेंबर

रविवारी देवळात बैठक आहे. येसूला मासळीच्या रांगेत बसू द्यायचं नाही, असं चिमाचं आणि आणखी बायकांचं म्हणणं. नवऱ्याने कान न लावता दुसऱ्याचा पोर नेला, मग बायकोने आमच्या मांडीला मांडी लावून टोपली मांडायची नाही. रांग गेली तर येसूला दुसरं काही नाही.

राहीला विचारलं, "खोटं बोललो नाही, नुसता गप्प राहिलो, तर तुझा जर्मन काय म्हणतो?"

ती हसली. "परीक्षेला हा प्रश्न नाही येत, बाबा. पण तुम्ही गप्प? तुम्हाला जमेल का?"

जमतंय.

७ डिसेंबर, रविवार

सांगितलं. उभा राहिलो आणि सांगितलं — केरूने कान लावून घेतला होता. ठोका मला ऐकू आला होता. तरी मी 'जा' म्हटलं. दोष त्याचा नाही, माझा.

मग धाकू उठला. त्याचे डोळे भरलेले. "बघा! मेलेल्या दोस्ताचं नाव राखायला हा माणूस स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय. महिपतशेट आणि चुकीचा 'जा'? वीस वर्षांत एकदा तरी झालंय काय?"

"अरे, खरं सांगतोय मी."

"व्हय, व्हय, शेट. बसा तुम्ही."

चिमा म्हणाली, "शेट, दोस्ताची लाज राखलीत. माझ्या पोराची कोण राखील?" आणि उठून गेली.

बैठकीत ठरलं — महिपतशेटच्या शब्दाखातर येसूला बसू द्यावं. केरूची चूक ती चूकच.

येसू खांबाला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत होती. मान हलवली नाही.

८ डिसेंबर

बंदरावर लोक वाकून नमस्कार करतात. एकाने चहा पाजला.

राहीने जेवताना विचारलं, "खरं होतं ना ते?"

"होय."

भाताचा घास तसाच हातात धरून बसली. मग पान उचललं आणि मोरीवर गेली. आज काही वाचलं नाही तिने.

९ डिसेंबर

तीन होड्यांना कान लावला. तीनदा 'जा'. आवाज ठीक होते. मी दर खेपेला पुन्हा ऐकले. पुन्हा. लोक म्हणाले, शेट आता जास्तच काळजी घेतात.

१० डिसेंबर

सकाळी येसू वर्कशॉपच्या दारात. आत आली नाही.

"भावोजी, मला ठाऊक होतं. त्या दिवशी हे भाकरी न्यायला घरी आलेले, तेव्हा सांगितलानी — महिपतने माझ्यासाठी नियम मोडलान, कोणाला बोलू नको, नाय तर उद्या सगळे त्याच्याकडे तेच मागतील. मी बरं म्हटलं."

"इतके दिवस दारात येऊन शिव्या देत होती चिमा. तरी बोलली नाहीस?"

"बरं म्हटलं होतं ना."

मग पदर खोचलान. "आता तुम्हीच चारचौघांत बोललात. माझा शब्द फिटला. तुमचं नाय ऐकलं, माझं ऐकतील. चिमा नळावर असेल आता."

गेली. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने नळावरचा बायकांचा गलका एकदम थांबला.