दुप्पट वेगाने ऐकलेली मुलगी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (कॉटवर जागा कमी आहे, पण मनातून पूर्ण आडवा झालोय). तू, आतोबा आणि आतोबांचा खोकला, तिघंही मजेत असाल. इकडे बाबा अजून माझ्याशी भिंतीकडे बघून बोलतात. कॉलेज मी सोडलं, भिंतीने काय केलंय कोण जाणे.

सध्या मी पडद्यांच्या दुकानात खिडक्यांची मापं घेतो. एकदा दातांच्या दवाखान्यात माप घ्यायला गेलो, तर तिथे पेशंटची नावं पुकारणारी एक मुलगी होती. (हसू नकोस, पुढे गंभीर आहे.) नंबर दिले-घेतले आणि तेव्हापासून आम्ही फोनवर एकमेकांना बोलून रेकॉर्ड केलेले निरोप पाठवतो. आता मी स्टुलावर उभा, दातांत टेप, खाली मालक बोंबलतोय. त्यात तिचं निवांत बोलणं कसं ऐकणार? फोनमध्ये दुप्पट वेगाने ऐकायची सोय असते, ती मी पहिल्या दिवसापासून लावली. त्यामुळे माझ्या लेखी ती लाह्या फुटाव्यात तशी तडतड बोलणारी, चुणचुणीत पोरगी. मी तिच्यावर जीव टाकला तो त्या वेगात.

परवा बेकरीच्या बाकावर पहिल्यांदा समोरासमोर बसलो. ती म्हणाली, "मला... तुला... एक सांगायचंय." आत्या, मला वाटलं हिला ताप आहे. मग वाटलं, बोलायचं जिवावर आलंय. तिचं वाक्य उंबऱ्यापर्यंत येईना, म्हणून मीच ते ओढून आत घेऊ लागलो. ती म्हणे, "आमच्या घरी..." मी म्हटलं, "नाही म्हणतात, कळलं." ती म्हणे, "अरे, घरी पडदे करायचेत, तू माप घ्यायला..." झालं, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुला मी नुसता पडदेवाला दिसतो का, आणि अर्धा चहा टाकून तरातरा निघून आलो.

उरलेलं वाक्य तिने संध्याकाळी लिहून पाठवलं: "...ये, म्हणजे बाबांशी ओळख होईल." खाली आणखी एक ओळ होती: "पण घरी न्यायचा तो पूर्ण ऐकून घेणारा माणूस. जमेल तेव्हा कळव."

मालकाला विचारलं, ऐकायची सवय कशी लावतात? तो म्हणाला, लग्न कर. म्हणजे पुन्हा तिथेच.

आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. खरं काम हे: रविवारी तुझ्याकडे येतो. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत मला पहिल्यापासून सांग, डॉक्टरांच्या स्वभावासकट. मी मध्ये तोंड घातलं तर कानाखाली दे.

ता. क. २ पाकीट चिकटवणार तेवढ्यात ती दुकानात आली. तिचं सगळं ऐकलं (ओठ दाताखाली धरून). तीही मला दुपटीनेच ऐकायची म्हणे, म्हणून तर मी तिला हुशार वाटलो. रविवारी तीही येतेय. तेव्हा गुडघ्याची हकिगत राहू दे. गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांड आणि आतोबांना घेऊन फिरून ये. गुडघ्याला चालणं चांगलं असतं. सावकाश या.