नवव्या खड्ड्याचं गवत

१२ एप्रिल

आलो एकदाचा. भिगवण स्टेशनवर साइट सुपरवायझर युवराज जीप घेऊन उभा होता. अंथुर्ण्याचा गडी, तोंडाचा पट्टा अखंड चालू. तासाभरात त्याने मला उसाच्या सगळ्या जाती, स्वतःच्या बुलेटचं ॲव्हरेज आणि उजनी धरणातला चिलापी मासा तळायची पद्धत ऐकवली. तो युवराज, मी रविराज, आणि मीही काही कमी बडबड्या नाही, त्यामुळे आमचं जमेल.

इंदापूर तालुक्यात गोल्फ म्हटल्यावर पुण्यातले मित्र पोट धरून हसले होते. हसोत बापडे. शंभर वर्षांपूर्वी कालव्याच्या कामावरच्या गोऱ्या इंजिनिअरांनी भीमेकाठी नऊ खड्ड्यांचं मैदान आखलं होतं. पुढे धरण झालं, पाणी चढलं, मैदानाचा काठ बुडाला आणि उरलेल्यात बाभळी माजल्या. आता एका कंपनीला ते जुन्या नकाशाबरहुकूम परत उभं करायचंय आणि त्यासाठी मला आणलंय. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली गवत राखलं, हे मैदान मात्र माझं.

राहायला पंपघराशेजारची दगडी खोली मिळाली आहे. समोर नजर जाईल तिथवर पाणी, त्यात रोहित पक्ष्यांचे थवे. शाळेला सुट्टी लागली की चार मेला बायको सुप्रिया आणि छकुली येणार. छकुलीने फोनवर तीनदा विचारलं, पप्पा तिथे कोकरं आहेत का? आहेत म्हणून ठोकून दिलं.

१६ एप्रिल

आठ खड्डे नकाशाप्रमाणे सापडले. नववा पाण्याखाली होता, पण उन्हाळ्यात धरणाचा फुगवटा उतरतो आणि आज तो वर आला. आजूबाजूचा सगळा गाळ तडकलेला, आणि मधोमध खड्ड्याभोवतीचं ग्रीन, म्हणजे ती बारीक गवताची गादी, लसलशीत हिरवं! नऊ महिने पाण्याखाली राहिलेलं गवत कुजून काळं व्हायला हवं. मी खुळ्यासारखा बघतच राहिलो.

प्रत्येक ग्रीनचं गवत चावून बघायची माझी जुनी खोड आहे. चवीवरून खतापाण्याचा अंदाज येतो. हे जीभ चावल्यावर लागतं तसं लागलं. मातीत लोह जास्त असणार, नमुना तपासायला पाठवतोय. खरं सांगायचं तर चव आवडली. आणखी दोन मुठी खाल्ल्या.

२० एप्रिल

आज काठाने मेंढरं आली. दीडशे तरी असतील, सगळी काळी. मागे मोरगावकडचे सोनबा तात्या आणि त्यांची बायको गोजरबाई. दरवर्षी याच दिवसांत ते इथून जातात, कारण दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि उसातून मेंढरं कोण जाऊ देणार? पण गंमत अशी की प्रत्येक मेंढराच्या तोंडाला सुतळीचं मुसकं बांधलेलं. कुळवाच्या बैलाला बांधतात ते ठीक, पण दीडशे मेंढरांना?

तात्यांना विचारलं. ते नवव्या ग्रीनकडे न बघता म्हणाले, "सायेब, हितलं गवात जनावराच्या तोंडी लागू द्यायचं न्हाय." गोऱ्या साहेबांचा खेळ ऐन रंगात असताना त्यांच्या आज्याच्या भावकीतला एक कळप आत शिरला होता म्हणे. साहेबांनी आणि त्यांच्या माणसांनी सगळी मेंढरं काठ्यांनी ठेचून मारली. दोन मेंढके मेंढरांवर आडवे पडले, तर त्यांनाही सोडलं नाही. सगळ्यांना तिथंच पुरलं आणि वर गवत लावलं.

मी हसत विचारलं, माणसाने खाल्लं तर? तात्या म्हणाले, "माणूस कशाला गवात खातंय?"

आता माझी अडचण अशी की तिथल्या चिखलात मशीन जात नाही आणि जुन्या फोटोत मैदानावर मेंढरं चरताना दिसतात. त्या काळी गवत मेंढरंच कापायची. मला ते हुबेहूब हवं होतं. मी वाटेत ट्रॅक्टर आडवा लावायला सांगितला आणि तात्यांना म्हणालो, मुसकी काढा, नाहीतर आल्या वाटेने मागे जा. मागे तीन दिवसांच्या वाटेवर चारा उरलेला नाही, हे मला युवराजने आधीच सांगितलं होतं. तात्यांनी हात जोडले. मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी एकेक मुसकं सोडलं, गोजरबाई डोळ्याला पदर लावून बसली. मेंढरं तुटून पडली आणि तासाभरात ग्रीन एकसारखं झालं. फोटो झकास आलेत.

२१ एप्रिल

रात्रीचा मुक्काम तात्यांनी इथंच केला, कारण मेंढरं जागची हलेनात. सकाळी दोन मेंढ्यांनी टकरा सुरू केल्या. आधी मजा वाटली. मग एकाचं शिंग तुटलं, मग कवटी फुटली, तरी दुसरा थांबेना. तो मेलेल्याला धडका देत राहिला आणि बाकीची शांत उभी राहून बघत होती.

दुपारी त्यांनी राखणीच्या कुत्र्याला घेरलं. मेंढराला पुढचे वरचे दात नसतात. त्यामुळे त्यांना तोडता येत नाही, ओढावं लागतं. कुत्रं फार वेळ ओरडत होतं.

२२ एप्रिल

सोनबा तात्या गेले.

कोकरावर तुटून पडलेल्या मेंढ्या हाकलायला ते काठी घेऊन मध्ये शिरले. पहिल्या धडकेत गुडघा उलटा झाला. ते खाली पडले आणि मग मला फक्त काळ्या पाठी दिसत होत्या. गोजरबाई आत घुसत होती, युवराजने तिला कमरेला धरून मागे ओढलं. तात्या बायकोला हाक मारत होते. नंतर नुसता आवाज येत होता.

मी वीस पावलांवर होतो. हातात गोल्फचा लोखंडी क्लब होता. मी हललो नाही. घाबरलो म्हणून नाही, हे कुठेतरी खरं लिहायलाच हवं. मला बघायचं होतं. तोंडाला पाणी सुटलं होतं.

२३ एप्रिल

युवराजने ऊसतोडीची माणसं कोयते घेऊन आणली. मेंढरं पळाली नाहीत, उलट कोयत्यांवर चालून आली. एकाची बोटं गेली. मी एक कोयता मागून घेतला. सगळा कळप संपेपर्यंत त्यातली अकरा मी मारली. शेवटचं कधीच मेलं होतं म्हणे, युवराजने मला मागून मिठी मारून बाजूला केलं. त्याला माझ्याकडे बघवेना.

संध्याकाळी नवव्यावर गेलो. चरून बोडकं केलेलं गवत बोटभर वर आलंय.

खाल्लं.

२६ एप्रिल

सुप्रियाला फोन केला. येऊ नको म्हणालो. तिने कारण विचारलं. काय सांगू? तिचा आवाज ऐकताना माझी बोटं टेबलाची कड ओरबाडत होती, नखातून रक्त आलं तेव्हा कळलं. मी तिच्यावर ओरडलो. लग्नाला नऊ वर्षं झाली, असा कधी ओरडलो नव्हतो. मागे छकुली विचारत होती, कोकरू काळं आहे का पांढरं?

फोन ठेवल्यावर रडलो. माझं या दोघींवर फार प्रेम आहे. ते अजून आहे.

२८ एप्रिल

युवराजला मारलं. उद्घाटनाला पाहुणे किती येणार एवढंच तो विचारत होता. क्लब आधी गुडघ्यावर, मग जबड्यावर. दात उडून भिंतीला लागले. मोजून पाच फटके — आणखी मारायचं होतं, पण तात्यांच्या दहाव्यासाठी काठावरच थांबलेल्या गोजरबाईने अंगावर घोंगडं टाकून मला पाडलं.

बारामतीच्या दवाखान्यात नेलाय. जगेल म्हणतात.

गोजरबाईने माझं तोंड उघडून हिरवे दात बघितले. तिला सगळं कळलं. तिच्या सासऱ्याच्या वेळी एका मेंढक्याने तिथली घोळ खुडून भाजी केली होती. त्याला कोंडून घातला. पूर आला, ती जागा बुडाली आणि तो शुद्धीवर आला. म्हणजे पाणी परत चढेपर्यंत कळ काढायची. श्रावण लागेतो. मीच म्हणालो, कोंडा मला. सुप्रियाला एकच निरोप पाठवला — काही झालं तरी येऊ नको.

३० एप्रिल

पंपघर. दगडी भिंती, लोखंडी दार, एक जाळीची खिडकी. किल्ली गोजरबाईच्या कमरेला. पोलीस आले होते, तिने सांगितलं सायेब पळाला.

ती खिडकीतून भाकरी देते. मी तिच्या नवऱ्याचा जीव घेतला आणि ती मला भाकरी देते. विचारलं तर म्हणाली, "तुमास्नी मारून माझा धनी माघारी यायचा हाय व्हय?"

नंतर मी तिचा हात धरला. जाळीतून. सोडवताना कातडी माझ्या दातात राहिली. तरी दुपारी परत भाकरी — लांब काठीला बांधून.

१ मे

स्वतःचा दंड चावला. त्याने जरा बरं वाटतं.

बोलता येत नाही. तोंड उघडलं की वेगळाच आवाज निघतो. लिहिता येतंय अजून. किती दिवस —

२ मे

जीपचा आवाज.

सुप्रिया. आली. दोन दिवस आधीच आली. येऊ नको म्हणालो म्हणूनच आली असणार, मी ओळखतो तिला. छकुलीही बरोबर. ती विचारतेय पप्पा कुठं.

गोजरबाई त्यांना लांब जा म्हणतेय. पाया पडतेय. सगळं सांगतेय, तात्या, गवत, पाणी. सुप्रियाला वाटतंय म्हातारी सूड घेतेय. नवऱ्याचा राग माझ्या नवऱ्यावर काढतेस का, असं किंचाळतेय. झटापट. म्हातारी पडली —

मी ओरडतोय नको, उघडू नको. बाहेर काय ऐकू जातंय कुणास ठाऊक. सुप्रिया रडायला लागली. म्हणतेय किती हाल केले हो तुमचे, आले मी, आले.

किल्ली तिच्याकडे.

दाराखालून कागद सरकवला. मोठ्या अक्षरात. छकुलीला घेऊन पळ. तिने बघितला नाही, पाय पडला त्यावर.

वास येतोय. छकुलीच्या केसांचं तेल, खोबरेल. मी मागच्या भिंतीला — हात पाइपात अडकवून धरलाय, दुसऱ्याने लिहितोय. हलायचं नाही. रविराज, हलायचं नाहीस.

कुलूप खडखडतंय. गंजलंय. उघडू नको देवा. उघडत नाहीये. लवकर उघड ना गं, लवकर —

नाही. हे मी नाही लिहिलं

हात सुटला पाइपातून

छकुली म्हणतेय मी आधी जाणार, मी आधी प