न बांधलेला ओटा

१२ जानेवारी, सोमवार
फाईल परत आली. पुन्हा. शेरा : 'ओटा' हा बांधकामाचा प्रकार यादीत नाही.
कॉम्प्युटरच्या यादीत गॅलरी आहे, जिना आहे, कुंपण आहे. ओटा नाही. मागच्या खेपेला खिडकीवरच्या बाईंनीच 'इतर' टाका म्हणून सांगितलं होतं. टाकलं. आता म्हणतात, 'इतर' म्हणजे काय ते लिहा. लिहायला जागा बोटभर. त्यात कोंबलं : स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, जोत्याच्या उंचीला, लोखंडी पायांवर फळ्या. वडिलांना चाकाच्या खुर्चीसकट बाहेर बसता यावं म्हणून.
बाई वाचून म्हणाल्या, कारण लिहायचं नसतं. खोडलं.
बांधकाम परवानगीचं ऑफिस एवढं लांबलचक रोज कोण लिहिणार. यापुढं नुसतं 'खातं'.
अर्धी सीएल गेली. येताना गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत रिक्षा अडकली. शाळेत पोचले तेव्हा दहावी-ब चा विज्ञानाचा तास संपलेला.

१८ जानेवारी, रविवार
बाबा सकाळपासून मागच्या दारात. खुर्चीची पुढची चाकं उंबऱ्याला टेकवून. उंबऱ्यापलीकडं कमरेएवढा खड्डा, मग आपलीच रिकामी पट्टी, मग तळं. पाण्यावर हळदीकुंकू बदकं आलीत. बाबा हात कपाळाशी धरून बघत होते.
दिवाळीआधी पाय काढला, साखरेमुळं, गुडघ्याखाली. तेव्हापासून हा माणूस घराबाहेर म्हणजे फक्त दवाखान्यात. पुढच्या दाराला पायऱ्या, त्या थेट बोळात. उतार करायला जागाच नाही. मला एकटीला त्यांना उतरवता येत नाही. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात सगळी नोकरी उभ्यानं केली त्यांनी. आता भिंत आणि टीव्ही.
शेजारच्या शमीमभाभींचं एकच पालुपद. "बाजी, बना डालो ना. कौन देखने को आता?" खरंय. जुळे सोलापुरात निम्म्या घरांनी गॅलऱ्या पुढं काढल्यात, कुणी कुणाला विचारलं नाही.
पण बाबा ऐकत नाहीत. "आदी कागद. मग खिळा."
ते असं का म्हणतात, मला माहीत आहे. कुर्डुवाडीला स्टेशनामागच्या रिकाम्या जागेत आमचं पत्र्याचं घर होतं, बिनकागदाचं. पाडायला आले तेव्हा आईच्या तव्यावर भाकरी होती. बाबा काही बोलले नाहीत, उलट पाडणाऱ्यांनाच पत्रे उतरवायला मदत केली, पत्रे वाकू नयेत म्हणून. मी तिसरीत होते. हे घर फंडाच्या पैशातून घेतलं तेव्हा उतारा वाचून झाल्यावरच आत पाऊल टाकलं त्यांनी.

३ फेब्रुवारी, मंगळवार
श्रीनिवास नकाशा घेऊन आला. आमचा इंजिनिअर. याचं घर पूर्व भागात, घरात तेलुगू, बाहेर फर्डं मराठी. माझा जुना विद्यार्थी, म्हणून फी घेत नाही, त्यामुळं घाई करा म्हणताही येत नाही.
तळ्याच्या हद्दीची रेषा त्यानं नकाशावर दाखवली. आमच्या स्वयंपाकघरातून जाते. म्हणजे फ्रिज जमिनीवर आणि गॅस तळ्यात. मी विचारलं, मग घर बांधताना परवानगी कशी मिळाली? म्हणाला, तेव्हा रेषा पलीकडं होती मॅडम. रेषा सरकली. तळं नाही सरकलं.
आणि आमच्या शेजारचं लग्नाचं लॉन? ते तर रेषेच्या कुठल्या कुठं पुढं. भर पाण्यात खांब रोवून फळ्यांचा भलामोठा डेक केलाय त्यांनी. दिव्यांच्या माळा, बदामाच्या आकाराची कमान. नवरा-नवरी तिथं उभे राहून फोटो काढतात.
श्रीनिवास म्हणाला, ते 'तात्पुरतं' आहे.
दोन वर्षं झाली तात्पुरतं.

१६ फेब्रुवारी
लॉनवर लग्न. स्वयंपाकघरातली भांडी थरथरत होती. बाबांनी मागचं दार लावून घ्यायला सांगितलं. त्यांचं तेवढंच एक बाहेर, तेही बंद.
खात्यातून फोन : पाहणीला येणार. शुक्रवारी.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
लिहू की नको असं झालंय, इतकी चिडलेय.
बाबा पहाटेच तयार. दाढी, इस्त्रीचा शर्ट. शमीमभाभींनी पोह्याला मदत केली. मी सीएल टाकलेली. खात्याचे ज्युनिअर इंजिनिअर, जेईसाहेब, उन्हं चढल्यावर आले, मोटारसायकलवर, मागं फोटो काढणारा. बोळातूनच विचारलं, तळं कुठल्या बाजूला? मी म्हटलं, आत या, मागच्या दारातून दिसतं. म्हणाले, आतून अँगल येत नाही, लॉनवरनं चांगला येईल. गेले लॉनवर.
मी गच्चीवरून बघत होते. डेकवर उभं राहून फोटो काढले. मग लॉनच्या मालकांबरोबर आत गेले. जेवणाचा वास इथपर्यंत. जेवून तसेच परस्पर निघून गेले.
माझ्या घरात पाऊल नाही. ज्या माणसासाठी हे सगळं, त्याच्याकडं एक नजर नाही.
बाबांनी संध्याकाळपर्यंत शर्ट बदलला नाही. मी म्हटलं, बदला आता. "येतील की. कामं असत्यात त्यांनाबी."

११ मार्च, बुधवार
नोटीस.
परवानगीची नोटीस नव्हे. पाडण्याची. बाबांच्या नावानं. 'आपण आपल्या मिळकतीस लागून तलावाच्या पात्रात लोखंडी खांबांवर विनापरवाना लाकडी ओटा बांधल्याचे पाहणीत आढळून आले आहे.' सात दिवसांत स्वतःहून काढा, नाहीतर आम्ही काढू, खर्च तुमच्याकडून. ओटा आधीच बांधलेला असल्यानं परवानगीचा अर्ज निकाली.
सोबत फोटो. दिव्यांच्या माळा. बदामाची कमान.
तीनदा वाचलं. आधी वाटलं मलाच कळत नाहीये. घर क्रमांक आमचा, नाव बाबांचं, ओटा लॉनवाल्याचा.
श्रीनिवासला पाठवलं तर त्याचं हसू थांबेना. मग म्हणाला, सॉरी मॅडम. हसण्यासारखंच आहे, पण मला आलं नाही. बाबांना नोटीस वाचून दाखवली. ते फोटो डोळ्याजवळ नेऊन बघत राहिले. म्हणाले, "झाक केलाय की आपला वटा."

१३ मार्च, शुक्रवार
खातं. जेई रजेवर. मोठ्या साहेबांकडं गेले. पहिला मजला. बसा म्हणाले, चहा मागवला. माणूस वाईट वाटला नाही, हेच जास्त वाईट. फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. दोघांनाही कळलं की त्यांना कळलंय.
मी म्हटलं, एकदा येऊन बघा. आमच्या दाराशी फळीसुद्धा नाही. म्हणाले, पाहणी झालेली आहे, अहवाल वर गेलाय, आता अहवाल बदलायचा तर ज्यानं लिहिला त्याच्यावर कारवाई होते. लेकरंबाळं आहेत त्याला.
मग सोपा मार्ग सांगितला. ओटा आम्ही काढून टाकला असं बाबांनी लिहून द्यायचं. खातं आमच्या मागच्या मोकळ्या पट्टीचा फोटो काढणार. प्रकरण बंद. मग नव्यानं अर्ज करा, मी स्वतः लक्ष घालतो.
"न बांधलेला ओटा पाडला, असं लिहून द्यायचं?"
"तेवढंच करा मॅडम. सगळ्यांचं सोपं होईल."
सगळ्यांचं. लॉनवाल्याचा डेक जागेवर, जेईची नोकरी जागेवर, आणि सरकारी कागदात माझा बाप तळ्यात अतिक्रमण करणारा. चहा तसाच ठेवून उठले.
खरं सांगायचं तर जिना उतरताना मनात आलं होतं, देऊन टाकावं लिहून. उन्हाळा तोंडावर आलाय. मागच्या दाराला संध्याकाळी वारा असतो.
घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "एकदा पाडलं आपलं, तवा बोललो न्हाय. खरंच कागद नव्हता. आता न बांधलेलंबी आपनच पाडायचं? मी न्हाय सही करत."

१७ मार्च
नोटिशीला उत्तर दिलं. पोच घेतली. सुनावणी लावतो म्हणाले. तोवर पाडापाडी स्थगित. म्हणजे लॉनवाल्याच्या डेकचं रक्षण आता माझ्या अर्जानं होतंय.

२२ मार्च, रविवार
हे नीट लिहून ठेवायचं आहे.
सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "सुजा, वटा आपल्या नावावर हाय न्हवं? मग चल की, बसून येऊ."
मला वाटलं चेष्टा. त्यांनी टोपी मागितली.
शमीमभाभींनी त्यांच्या दिराला बोलावलं, तो रिक्षा चालवतो. आम्ही तिघांनी खुर्ची पायऱ्यांवरून उतरवली. लॉनचं फाटक पलीकडच्या रस्त्याला, तिथवर रिक्षानं; आत गुळगुळीत उतार. जेवणाच्या ट्रॉल्या न्यायला केलेला. खुर्ची विनासायास डेकपर्यंत गेली. मला तिथंच रडू आलं, त्या उताराचंच.
बाबा पार टोकाला गेले. खाली पाणी. टोपी काढून मांडीवर ठेवली. वाऱ्यानं केस उडत होते. पाच महिन्यांनी त्यांच्या अंगावर मोकळा वारा.
मॅनेजर आला. आधी पाहुणे समजला, अदबीनं विचारलं, हॉल बघायचाय का. मी नोटीस दाखवली. त्यानं मालकांना फोन लावला. मालक आले, पांढरे कपडे, गॉगल. म्हणाले, मॅडम, ही खाजगी जागा आहे.
मी म्हटलं, "हा डेक तुमचा आहे असं दोन ओळी लिहून द्या. लगेच उठतो."
त्यांनी नोटीस वाचली. फोटो पाहिला. गॉगल काढला, पुन्हा लावला. लिहून दिलं तर पाण्यातलं बांधकाम कबूल. नाही दिलं तर आम्ही आमच्या ओट्यावर बसलोय. मॅनेजर जमिनीकडं बघत होता.
बाबा वळलेसुद्धा नाहीत. पाण्याकडं बघतच म्हणाले, "बसा की मालक. लई झाक वारं हाय."
मालक बसले नाहीत, पण हाकललंही नाही. ऊन लागेपर्यंत बसलो. येताना बाबा रिक्षात गाणं गुणगुणत होते, शब्द विसरून.

२८ मार्च, शनिवार
मालक घरी आले. मिठाईचा पुडा. बाबांना काका काका. म्हणाले, कशाला खात्याच्या नादी लागता. माझी माणसं आहेत, लोखंड आहे, फळ्या आहेत. सोमवारी सुरू, गुरुवारी काका बाहेर बसतील. मी असताना कुणी हात लावणार नाही. तेवढं साहेब म्हणतात तसं लिहून द्या.
बाबा मागच्या दाराकडं बघत होते. त्यांना हवंय. किती हवंय ते मला रोज दिसतं. मी ठरवलं, ते हो म्हणाले तर मी तोंड उघडायचं नाही. त्यांचा पाय, त्यांचं घर, त्यांची सही.
"तुमी असताना हात लावनार न्हाईत," बाबा म्हणाले. "आन तुमी बदलल्यावर?"
मालक हसले. बाबा नाही हसले. पुडा परत दिला त्यांच्याबरोबर.
उद्या रविवार. लॉनच्या फाटकाला आज दुपारपासून साखळी आहे. भाभींनी बघितली.

२ एप्रिल, गुरुवार
सुनावणीचं पत्र : बुधवारी. 'मिळकतधारकाने समक्ष हजर राहावे.' समक्ष. आजवर प्रत्येक खेपेला माझं अधिकारपत्र चाललं. नेमकं आताच नाही.
चौकशी केली. लिफ्ट बंद आहे. कधीपासून, ते तिथं कुणालाच आठवत नाही.

८ एप्रिल, बुधवार
खात्यात बसून लिहितेय. जिन्याच्या खाली, भिंतीला टेकून. बाबा शेजारी खुर्चीत. भयंकर उकाडा.
सकाळी आलो, भाभींच्या दिराच्या रिक्षातून. मी वर जाऊन सांगितलं, मिळकतधारक खाली आलेत, लिफ्ट बंद आहे, पाच मिनिटं खाली येता का. साहेब म्हणाले, सुनावणी दालनातच होते. मग म्हणाले, शिपायाला सांगा उचलून आणायला. तो शिपाई माझ्याहून बारीक. शिवाय बाबा नाही म्हणाले. पोत्यासारखं वर जायचं नाही त्यांना. दुपारी निरोप आला, पुढची तारीख घ्या. मी खाली येऊन बाबांना सांगितलं.
"तारीख नगं. साहेबांना म्हन, मी हितंच हाय."
वर जाऊन तसंच सांगितलं. शब्द न बदलता.
तेव्हापासून बसलोय. ज्याला त्याला आम्हाला वळसा घालून जावं लागतंय. लोक विचारतात, बाबा सांगतात, न चिडता, प्रत्येकाला पहिल्यापासून. माझ्याच्यानं झालं नसतं. एक म्हातारी फोटो बघून म्हणाली, कमान छान आहे. खिडकीवरच्या बाईंनी पाण्याची बाटली आणून दिली, माझ्याकडं न बघता. लॉनचे मालक मघाशी दुसऱ्या दारानं आत आले आणि मान खाली घालून याच जिन्यानं वर गेले.
ऑफिस सुटायला आलंय. वरच्या खिडक्या लावल्याचे आवाज. बाकी लोक गेले. साहेबांची गाडी समोरच उभी आहे आणि खाली यायला हा एकच जिना.
पावलं वाजली. साहेब. हातात बॅग. मधल्या वळणावर आम्हाला बघून थांबलेत.
बाबा मान वर करून म्हणाले, "या साहेब. मला वर येता येत न्हाय. तुमाला खाली येता येतंय की."
साहेबांनी कठड्यावर हात ठेवलाय. अजून पुढची पायरी उतरलेले नाहीत. मी नोटिशीसोबतचा फोटो पिशवीतून काढून हातात धरलाय. लिहिणं थांबवते.