उचलल्याचे ठिकाण, सोडल्याचे ठिकाण

मी, दत्तात्रेय भागोजी म्हात्रे, वय ७४, खारकोंड नगरपालिकेच्या भटकी कुत्री पकडणाऱ्या पथकाचा सेवानिवृत्त मुकादम, मूळ राहणार बंदरआळी, खारकोंड, जिल्हा रायगड, सध्या मुक्काम वृद्धाश्रम, माणगाव, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्यांना कमी दिसते, पण माणसे आता बरोबर ओळखू येतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर सगळे माझा मुलगा निकेत याच्या नावे असते.

कलम १. बंदरआळीतील घर क्रमांक ४१ ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही, तेव्हा वकिलांनी उगाच चपला झिजवू नयेत. हे घर मी डॉ. नूरैन यांना देतो. त्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी करतात आणि जखम भरेपर्यंत कुत्री ठेवायला त्यांच्याकडे जागा नाही. पुढच्या दोन खोल्यांत सूनबाई कल्पिता हिने पर्यटकांसाठी एसी बसवले आहेत. तिथे पिंजरे ठेवावेत. एसी काढू नयेत.

कलम २. कारण नोंदवतो. नोकरीच्या सुरुवातीला मी विषाच्या गोळ्या घालून कुत्री मारली. तसा हुकूम असे, आणि संध्याकाळी साहेबांना शेपट्या दाखवाव्या लागत. माझी पत्नी कै. सत्यवती तेव्हापासून रोज दुपारी दारातल्या कुत्र्यांना भात घालू लागली. "तुमी मारा, मी जेवू घालतंय. बघू कोन आधी दमतंय," म्हणायची. पुढे कायदा बदलला. कुत्रे उचलायचे, नसबंदी करायची, लस द्यायची, कानाला खाच मारायची आणि जिथून उचलले तिथेच नेऊन सोडायचे. नोंदवहीत त्याचे दोन रकाने असत: उचलल्याचे ठिकाण आणि सोडल्याचे ठिकाण. निवृत्त होईपर्यंत माझ्या हातून ते दोन रकाने एकदाही वेगळे झाले नाहीत.

कलम ३. सत्यवती गेली आणि तिच्या कुत्र्यांपैकी खारी उरली. तांबडी, म्हातारी, डाव्या कानाला खाच, तोंडात दात नाहीत. ती पर्यटकाला चावली अशी खोटी तक्रार निकेतने केली. गाडी आली. चालक तुळशीराम माझ्याच हाताखाली तयार झालेला. दहा दिवस नजरेखाली ठेवून खारीला परत दारात सोडायला हवे होते. ती आली नाही. विचारले तर निकेत म्हणाला, "म्हातारी होती बाबा, मेली असेल." महिनाभराने त्याने मला इथे आणले. "चार दिवस हवापालट," म्हणाला. ट्रंकेत स्वेटर आणि कानटोपीही भरली होती. तेव्हा मे महिना होता.

गेल्या दिवाळीत तुळशीराम आला आणि पायाशी बसून रडला. "दादा, निकेतशेट बोललं, लांब सोड, वास काढीत परत आली न्हाय पायजे. मी हितंच सोडली, हायवेला." नोंदवहीत मात्र त्याने सोडल्याचे ठिकाण 'तेच' असे लिहिले होते. म्हणजे खारीला आणि मला एकाच गावात आणून टाकले. तेव्हापासून मी रोज सकाळी फाटकापाशी बसतो. तांबडी कुत्री पुष्कळ जातात. मी कान बघतो.

कलम ४. चि. निकेत याला मी बेदखल करत नाही. तेवढ्यावर त्याची सुटका नाही. त्याला दुसरे घर नाही हे मला माहीत आहे. त्याने मागच्या पडवीत हयातभर राहावे, आणि रोज दोन वेळा पिंजरे स्वतःच्या हाताने धुवावेत. गडी ठेवू नये. एक दिवस चुकला की हक्क संपला. डॉक्टरांना विनंती की त्यांनी दया दाखवू नये. कुत्र्याची मान धरायचा माझा लोखंडी चिमटाही त्यालाच. शाळेत तो सांगायचा, वडील नगरपालिकेत साहेब आहेत. आता चिमटा दारात टांगावा आणि कोणी विचारले तर खरे सांगावे.

कलम ५. सौ. कल्पिता हिचा सत्यवतीच्या पाटल्यांवर डोळा आहे. पाटल्या डॉक्टरांच्या औषधांसाठी मोडाव्यात. कल्पिताला खारीची भात खायची जर्मनची परात द्यावी. कुत्र्यांच्या वासाने गिऱ्हाईक येत नाही, असे ती म्हणत असे. आता ती अडचण उरणार नाही.

कलम ६. मला शववाहिका नको. तुळशीरामने रीतसर परवानगी काढून कुत्र्यांची गाडी आणावी. निकेतने मागे पिंजऱ्यात माझ्याशेजारी बसावे. गाडी दुपारी एकला, आळी दारात असताना, घर क्रमांक ४१ समोर थांबवावी, मला उतरवावे, मग स्मशानात न्यावे. नोंदवहीत लिहावे: उचलल्याचे ठिकाण, बंदरआळी. सोडल्याचे ठिकाण, तेच. खाली निकेतची सही घ्यावी. हा हक्क कुत्र्याला कायद्याने आहे. मला तो लिहून मागावा लागतो, याचे फार वाईट वाटते.

कलम ७. माझ्या हयातीत निकेतने खारीला शोधून स्वतः दारात आणून सोडले, तर वरील सर्व रद्द आणि घर त्याचे. हे कलम त्याला आजच कळवावे. खारीला सोडले तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि त्याला आता तीन वर्षे झाली. कुत्री किती वर्षे जगतात हे मला कामामुळे ठाऊक आहे. निकेतने ते कधी विचारले नाही. त्याने शोधत राहावे.

ठिकाण: माणगाव
दिनांक: १२ जानेवारी २०२६
सही: द. भा. म्हात्रे

आमच्यासमक्ष सही केली:
१. रावजी धर्मा पाटील, वृद्धाश्रमात शेजारची खाट
२. तुळशीराम नाईक, वाहनचालक. कलम ३ मला दोनदा वाचून दाखवले. खरे आहे.