फ्लॅशच्या आडचा जोड

डहाणू, मे २०१७

प्रिय जागृती,

तुझं कौतुक सांगून सांगून मी दुकानात येणाऱ्यांना वीट आणलाय. पासपोर्ट फोटोला आलेला माणूसही सुटत नाही. त्याला समजावतो, डीव्हीडीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत, बहुतेक वेळा आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहितात. दृश्य पालटलं की जुनं काही कामाला येत नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं. आमच्या जागृतीचा प्रोग्रॅम चित्र न उघडता, नुसत्या त्या लिखाणावरून कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा जोडलेली जागा, ओळखतो. मम्मी म्हणते, आता तुम्हीच जा पुण्याला तिच्या कॉलेजात शिकवायला.

आधी तो मी काढलेल्या लग्नांच्या डीव्हीडीतल्या प्रत्येक फ्लॅशला कट म्हणायचा. फ्लॅश विझला की तेच चित्र परत येतं, कटनंतर येत नाही, हे मी सांगितलं आणि तू त्याला शिकवलंस. रिपोर्टाच्या कच्च्या प्रतीत माझे आभारही मानलेस. दहावी नापास माणसाचे! ते पान मी किती जणांना दाखवलं, विचारू नकोस.

झाईच्या दिशाचं लग्न आठवतं? तू बारा वर्षांची, हट्टानं माझ्यासोबत आलेली. पाठवणीत तिची आजी, सोनूबाई, नातीच्या पदराचं टोक मुठीत धरून उभी होती, नातीला पत्ताही नव्हता. तो शॉट बघून झरी, सायवनपासून लोक माझ्याकडे आले.

त्याच डीव्हीडीत एका फ्लॅशला प्रोग्रॅम अजून कट म्हणतो, असं तू परवा फोनवर म्हणालीस. प्रोग्रॅमची उत्तरं ताडून बघायला खऱ्या कटांची यादी मीच दिलेली. मी ठामपणे म्हणालो, "तिथे कट नाही, एका दमात घेतलंय." तू ती प्रोग्रॅमची चूक म्हणून लिहून टाकलीस. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

पाठवणी लांबली म्हणून मी कॅमेरा तुझ्या हातात देऊन पंगतीला बसलो होतो. परत आलो तर गाडी निघून गेलेली. घरी कॅसेट पाहिली. तुझ्या उंचीवरूनच ती मूठ दिसली, मी नुसते चेहरे घेत बसलो असतो. लोक काय म्हणतील या लाजेनं मी माझं आणि तुझं चित्रण नेमकं फ्लॅशच्या उजेडात जोडलं. तुला मात्र सांगितलं, तुझा हात हलला, तू घेतलेलं टाकून दिलं. तू मानलंस. दहा वर्षं तो जोड कुणाला दिसला नाही, तुझ्या प्रोग्रॅमनं पकडला. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. सोबत मूळ कॅसेट पाठवतोय. सोमवारी रिपोर्ट देण्याआधी ती ओळ खोड. तिथे कट आहे, आणि त्याच्या पुढचं सगळं तू घेतलेलं आहे.

तुझाच,
पप्पा