आवाज कुठे फुटत होता

॥ श्री राजराजेश्वर प्रसन्न ॥

अकोला
गुरुवार, ८ मे. मोहिनी एकादशी

चि. अबोली,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. ऊन म्हणशील तर पारा पंचेचाळीसला टेकला. सकाळी लवकर राजेश्वराला जाऊन आले, एकटीपुरती भगर आणि दाण्याची आमटी केली. बाबांच्या फोटोला मोगरा वाहिला. कूलर लावला आहे. सुरू आहे की बंद पडला, ते मधूनमधून हात धरून बघते. अमरावतीला तुझी गच्चीखालची खोली फार तापत असेल. खिडकीला ओलं पोतं लावत जा.

तू म्हणशील, हातात मोबाईल असताना आईनं पोस्टाचं पाकीट का काढलं? मोबाईलवर लिहिलं असतं तर वाचल्याबरोबर तू फोन केला असतास. तो मला नको होता. आधी तुझं काम सांगते.

तुझा मेसेज मी चार वेळा वाचला. "आई, तू रागावली आहेस, फोन उचलत नाहीस, राहू दे. पण पंचवीस तारखेच्या कार्यक्रमाला मला माझा स्वतःचा अँप्लिफायर हवा. दर वेळी दुसऱ्याचा मागून आणायची लाज वाटते. नत्थुजींकडे जुने असतात, तू जाऊन ऐकून घे. तू स्वच्छ म्हटलं की मी बघायलाही येणार नाही."

तुझी यादी मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. आठ हजारांच्या आत. फार मोठा नको, छोट्या हॉलपुरता. बटण अर्ध्याच्या वर फिरवलं तरी गिटारचा आवाज फुटता कामा नये, नुसता मोठा व्हावा. कोणी वाजवत नसताना गुणगुण नको. वायर हलवली तर खरखर नको. दिसायला कसाही चालेल.

रविवारी जमुनाला बरोबर घेऊन गेले. शेजारी राहते म्हणून नव्हे, भजनी मंडळात इतकी वर्षं माझ्या बाजूला बसायची, सूर ओळखते म्हणून. नत्थुजींनी पंख्याखाली खुर्ची दिली. "या ताई. तुमचा कान येऊन राहिला म्हणजे मले दुकान झाडून ठेवा लागते," म्हणाले. तुला आठवतं ना, हार्मोनियम दुरुस्त केली की ते आधी आपल्या घरी आणायचे. मी मान हलवली की मगच गिऱ्हाइकाकडे जायची.

तीन अँप्लिफायर मांडले होते. एक नवा, काळा, लहान, सात हजार आठशेचा. एक जुना, तपकिरी, कोण्या ऑर्केस्ट्रावाल्याचा. तिसरा वायर हलवताच बंद पडला, तो बाजूला गेला. नत्थुजींनी गिटार जोडून एकेक तार सुटी छेडली. मी भजनात बसते तशी डोळे मिटून बसले. काळा मला पातळ वाटला. तपकिरी भरलेला वाटला, गोड वाटला. मी म्हटलं, "हा स्वच्छ आहे." सहा हजारांचा पाच हजार पाचशेला ठरवला. पिशवीतून पैसे काढत होते, तेवढ्यात जमुना म्हणाली,

"आवं कुंदाताई, हा तं वाजवल्याबिगरच गुणगुण करून राहिला. भुंगा बसला हाये जसा आतमंदी. तुमाले नाई ऐकू येऊन राहिला?"

मी नत्थुजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. "मलेबी ऐकू येत होता, ताई. पण तुमी स्वच्छ म्हटलं. मले वाटलं, माझाच कान म्हातारा झाला."

अबोली, दुकानात पंखा होता, रस्त्यावर रिक्षा होत्या, आणि माझ्या समोर हातभर अंतरावर तो खोका गुणगुणत होता. मला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

आता लिहितेच.

मागच्या उन्हाळ्यात मी कुंभाराच्या जाईबाईकडून माठ घेतला. दरवर्षीसारखा बोटानं वाजवून घेतला, खणखणीत वाटला. संध्याकाळपर्यंत सगळं पाणी ओट्यावर. दुसऱ्या दिवशी जाऊन मी तिला चार माणसांत बोलले, की तडा गेलेला माठ गळ्यात मारलास. ती एवढंच म्हणाली, "बाई, तुमीच तं वाजवून घेतला." तेव्हाही मला उमजलं नाही. नंतर फोनवर तुझं बोलणं तुकड्यातुकड्यानं येऊ लागलं. शब्द कळायचे नाहीत, नुसतं फुटलेलं काहीतरी कानावर आदळायचं. मी "हो, हो" म्हणायचे. एकदा तू रडत होतीस आणि मी "छान झालं" म्हटलं. त्यानंतर मी फोन उचलणं सोडलं. राग नव्हता ग. मंडळात घसा बसला म्हणून सांगितलं आणि मागच्या रांगेत टाळ घेऊन बसू लागले.

मार्चमध्ये कानाच्या डॉक्टरकडे गेले. बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मला बराच वेळ काहीच आलं नाही. वाटलं, अजून सुरू केलं नसेल. ते केव्हाचे वाजवून राहिले होते. डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ दाखवली. म्हणाले, बारीक आवाज गेलेले आहेत, आणि जे मोठे पोचतात ते तुमच्या कानातच फाटतात. मी विचारलं, किती दिवसांपासून? म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी.

मी तिथेच हिशेब केला. दोन वर्षांपूर्वीचा तुझा पहिला कार्यक्रम त्यात येत होता.

तिसऱ्या गाण्याला मी उठून बाहेर गेले. तू मागे धावत आलीस, गळ्यात गिटार तशीच. मी तुझ्या मैत्रिणींसमोर म्हटलं, "आवाज फुटतो तुझा. शिकवण्या करकरून हा असला डबा घेतलास?" तू भांडली नाहीस. "आई, तुझा कान चुकत नाही," म्हणालीस, आणि आठवड्यात तो अँप्लिफायर निम्म्या किमतीत देऊन टाकलास.

त्याच्यात काही खोट नव्हती, बाळ. तू स्वच्छ वाजवत होतीस. फुटत होतं ते माझ्या कानात. हे मला मार्चपासून माहीत आहे आणि आज मे आहे. रोज देवापुढे बसते, रोज त्याला सांगते, आणि तुला सांगायचं तेवढं राहतं. माझा कान चुकत नाही, एवढी एकच गोष्ट माझ्याजवळ अशी होती की जिच्यासाठी लोक दारी यायचे. ती हातची सोडवेना. त्यापायी तुझी वस्तू गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे तुझा स्वतःच्या कानावरचा विश्वास गेला.

काल जाईबाईकडे जाऊन माफी मागितली. ते सोपं होतं, म्हणून आधी केलं. नवा माठ तिनं स्वतःच वाजवून दिला. गळत नाही.

आता तुझी माफी मागते आहे. देशील तेव्हा दे.

तपकिरी अँप्लिफायर मी घेतला नाही. काळा घ्यावा असं जमुनाचं मत आहे. नत्थुजींनी बटण बरंच वर नेलं तरी तो फुटला नाही, असं दोघंही म्हणतात. पण त्यांच्या सांगण्यावरून घेऊ नकोस, माझ्या तर मुळीच नको. नत्थुजी पुढच्या रविवारपर्यंत, म्हणजे अठरा तारखेपर्यंत, तो कोणाला देणार नाहीत. तू ये, तुझी गिटार जोड, आणि तुझ्या कानाला पटला तर घे. मी खोक्यावर तळहात ठेवून बसेन. जाड तारा हाताला कळतात.

आणखी एक काम आहे. डॉक्टर मलाही कानात घालायचं यंत्र घ्या म्हणतात. परवा दवाखान्यात स्वस्तातली दोन दाखवली. कोणतं घ्यावं म्हणून मी तिथल्या मुलीला तुझीच यादी वाचून दाखवली: आवाज मोठा व्हावा पण फुटू नये, गुणगुण नको, खरखर नको. ती म्हणाली, "आजी, हेच तर बघायचं असतं, तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, लेकीनं.

दोन्ही घालून पाहिली. मला फरक सांगता येईना. ती म्हणाली, "ज्यांचा आवाज तुम्हाला नीट आठवतो अशा कोणाला घेऊन या. त्यांना बोलू द्या. ज्या यंत्रातून तो आठवणीसारखा येईल, ते तुमचं."

बाबा असते तर त्यांना नेलं असतं. आता मला नीट आठवतो असा एकच आवाज उरला आहे. गेले वर्षभर तो मी नीट ऐकलेला नाही.

पत्र मिळाल्यावर फोन करू नकोस. ये. दाराला आतून कडी लावणार नाही, कारण वाजवलेलं मला कळायचं नाही. सरळ आत ये आणि समोर येऊन बोल.

तुझं बोलणं ऐकायला बसलेली,
तुझी आई
कुंदा