बद्द वाजणारा कोयता

प्रिय दर्शना,

तुझा निरोप मोबाइलवर वाचला. अजिंक्य पसंत नसेल तर तसं सांगा, पण मी बोलत असताना फोन ठेवू नका, असं लिहिलंयस. दोनदा ठेवला, खरं आहे. तिसऱ्यांदा उचललाच नाही. मोबाइलवर एकेक अक्षर शोधत उत्तर लिहायला बसलो असतो तर तोवर तुझं लग्न उरकलं असतं, म्हणून हा कागद घेतला. तू रागावली असशील. आधी इकडचं सांगतो, मग त्यावर येतोच.

काजूला मोहोर बरा आहे. तुझी आई असती तर एव्हाना सगळ्या वाडीला सांगून आली असती. शेताच्या भाजावळीसाठी झाडांच्या फांद्या तोडायच्या होत्या आणि जुन्या कोयत्याची धार वळायला लागली होती, म्हणून रविवारी देवरूखला भागोजी लोहाराकडे गेलो. लहानपणी तुला न्यायचो तिथेच. दुकानातला चकचकीत माल मला कधी पटला नाही, हे तू जाणतेसच. कोयता दोन बोटांत सैल धरायचा आणि पात्यावर टिचकी मारायची. पोलाद चांगलं असेल तर स्वच्छ, लांब वाजतं. माल हलका असला, कुठे चीर असली, की बद्द. मग धारेवर कानस ओढायची. घसरली तर धार कडक, चावली तर मऊ. तूही टिचक्या मारून मान डोलवायचीस, जणू पैसे तूच देणार होतीस.

या वेळी पहिला कोयता बद्द वाजला. दुसराही. कुऱ्हाडी ठोकून पाहिल्या, त्याही तशाच. माझं डोकं फिरलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद सोडून कसलं भंगार ठोकायला लागलास, असं मी भागोजीला चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. त्याला खोटं पाडायला कानस मागून घेतली. ती घसरली. दुसऱ्या कोयत्यावरही घसरली. इतक्या वर्षांत टिचकीने एक आणि कानशीने दुसरं सांगितलंय, असं कधी झालं नव्हतं. भागोजीने पातं उचलून त्यावर हातोडी मारली, तसा पलीकडचा भाजीवाला दचकून वळला. माझ्या कानावर मात्र नुसतं ठक् आलं. मग भागोजीने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाला, "आबा, कोयता वाजतोय. तुमाला आयकू येत नाय." मला फार लाज वाटली. मी माफी मागितली, त्याने चहा पाजला. कोयता झकास निघाला.

पोरी, तुझं बोलणंही फोनवर मला असंच बद्द ऐकू येतं. रेंज नाही, मोबाइल बिघडला, असं समजून मी वैतागून ठेवत होतो. अजिंक्यचं नावसुद्धा मी तुझ्या निरोपातच पहिल्यांदा वाचलं, मग तो नापसंत कुठून असणार? कानाचं यंत्र लावीन, कुरकुर करणार नाही. पण त्याआधी दोघं या. तू माझ्या शेजारी बस आणि लग्न ठरवल्याचं मोठ्याने सांग, सगळ्या वाडीला ऐकू गेलं तरी चालेल. आतापर्यंत मी ते नुसतं वाचलंय. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझाच,
आबा